‘देवाने वाचवलं’ म्हणताना



आजचं वाचन : श्रीमद्भागवत, दशम स्कंध, अध्याय ७. तृणावर्ताची गोष्ट.

लहानपणी ही गोष्ट ऐकताना सगळं लक्ष शेवटाकडे असायचं. बाळकृष्ण राक्षसाचा गळा आवळतो, राक्षस धाडकन शिळेवर आपटतो, गोष्ट संपली, झोपा आता. या वेळी वाचताना मी मधेच अडकले. यशोदेच्या मांडीवर बाळ आहे. ते अचानक इतकं जड होतं की तिला पेलवत नाही. ती त्याला खाली ठेवते आणि कामाला लागते. तेवढ्यात कंसाने पाठवलेला तृणावर्त वावटळीच्या रूपात येतो. सगळं गोकुळ धुळीने भरून जातं. शेजारी कोण उभं आहे तेही कुणाला दिसत नाही. यशोदा बाळ ठेवलं होतं त्या जागी धावत येते, आणि बाळ तिथे नसतं.

वावटळ म्हटलं की आपल्याला आठवते ती उन्हाळ्यातली. मैदानात पाचोळा गोल गोल फिरवते आणि दोन मिनिटांत विरून जाते. गोकुळातली वावटळही मला तशीच वाटायची. २०११ च्या एप्रिलपर्यंत.

तेव्हा मी अमेरिकेत, अलाबामा राज्यातल्या हन्ट्सव्हिल शहरात शिकत होते. २७ एप्रिल, बुधवार. त्या दिवशी वादळं एकदा आली नाहीत, लाटांसारखी आली. पहाटे एक रांग येऊन गेली. तिच्या वाऱ्याने झाडं आणि विजेच्या तारा पाडल्या, आणि बऱ्याच भागांत वीज गेल्यामुळे पुढच्या इशाऱ्यांचा मार्गच बंद झाला. दुपारी आणखी एक. खरा कहर झाला तो त्यानंतर. दुपार ते रात्र, एकामागून एक टोर्नेडो. टोर्नेडो म्हणजे ढगापासून जमिनीपर्यंत पोचलेला, गरागरा फिरणारा वाऱ्याचा खांब. २५ ते २८ एप्रिल या चार दिवसांत अमेरिकेच्या पूर्वेकडच्या राज्यांत साडेतीनशेच्या आसपास टोर्नेडो झाले, तीनशेहून अधिक माणसं गेली, त्यातली दोनशेहून अधिक एकट्या अलाबामातली. एकाच दिवसात चार टोर्नेडो सर्वांत वरच्या श्रेणीचे होते. त्यातला एक दोनशे किलोमीटरहून लांब पट्टा उद्ध्वस्त करत आमच्या शहराच्या वायव्येकडून गेला.

आम्ही पाच जणी एका जिन्याखाली उशा डोक्यावर घेऊन बसलो होतो. आमच्या इमारतीची एक काचसुद्धा फुटली नाही.

पुढचे कित्येक दिवस वीज नव्हती, कारण जवळच्या अणुवीज केंद्राच्या वाहिन्याच तुटल्या होत्या. मैत्रिणीच्या गाडीत फोन चार्ज केला आणि ठाण्याला आईला फोन लावला. पहिलंच वाक्य म्हणाले, “आई, देवाने वाचवलं गं. आपल्याकडे काही झालं नाही.” आई रडली. मग म्हणाली, “थांब, देवापुढे साखर ठेवते.” फोन तसाच चालू होता. परत आल्यावर तिने विचारलं, “आणि बाकीच्यांचं काय?”

तो प्रश्न तिने सहज विचारला होता. माझ्या मनातून तो अजून गेलेला नाही.

दोन दिवसांनी आम्ही विद्यार्थी मलबा उचलायला गेलो. मंदिरातली मंडळी होती, चर्चमधली होती, कुणी नुसतीच आली होती. जिथे आम्हाला नेलं तिथे रस्त्याच्या एका बाजूला घरं जशीच्या तशी उभी होती, अंगणातली झोपाळ्याची खुर्चीसुद्धा जागेवर. दुसऱ्या बाजूला नुसती काँक्रीटची जोती. मधे जेमतेम वीस-पंचवीस पावलं.

त्या दिवशी तिथे नुकसानीची पाहणी करणारे दोघे जण आले. आपल्याकडे वादळानंतर तलाठी पंचनाम्याला येतात तसेच असतील असं मला वाटलं. पण ते भरपाईसाठी आलेले नव्हते, वारा मोजायला आले होते. आधी हे मला विचित्रच वाटलं. वारा तर केव्हाच निघून गेला, आता काय मोजणार? मग हळूहळू कळलं. टोर्नेडोच्या पोटातला जमिनीलगतचा वारा यंत्राने मोजला जाणं फार दुर्मीळ असतं. तो अरुंद असतो, थोडा वेळ असतो, आणि वाटेतलं यंत्रही मोडून टाकतो. म्हणून तो गेल्यावर त्याने काय मोडलं ते पाहून त्याचा वेग ठरवतात. त्यासाठी जी श्रेणी वापरतात तिच्यात २८ प्रकारच्या गोष्टींची यादी आहे : साधं घर, शाळा, दुकान, झाड, विजेचा खांब. प्रत्येकाचं किती मोडलं तर वारा साधारण किती असेल, याचा अंदाज दिलेला असतो. सर्वांत वरची पायरी म्हणजे ताशी ३२० किलोमीटरपेक्षा जास्त.

ते दोघे पडलेली झाडं पाहत होते. सगळी एकाच दिशेला झोपली असतील तर तो सरळ सुटलेला वारा. एकमेकांवर तिरकी, आतल्या बाजूला वळून पडली असतील तर गरगरणारा वारा. मग एक जण एका जोत्यावर गुडघे टेकून बसला. घर वाहून गेलं होतं, पण त्याला बघायचं होतं की घर जोत्याला बांधलेलं कशाने होतं. भिंतीच्या तळाची लाकडी पट्टी जाड बोल्टने काँक्रीटमध्ये घट्ट केलेली होती, की नुसती खिळ्यांवर उभी होती? खिळ्यांवरचं घर कमी वाऱ्यातही सरकतं. म्हणजे ‘सगळं घर गेलं’ एवढ्यावरून वारा किती होता हे सांगता येत नाही. ते कशावर उभं होतं हेही पाहावं लागतं.

त्या घरातली बाई तिथेच उभी होती. साठीच्या पुढची असेल. तिने त्याला विचारलं, “समोरच्यांचं घर उभं आहे. माझंच का गेलं?”

त्याने तिला खिळे दाखवले. वाऱ्याचा कडेचा भाग कुठून गेला ते हाताने दाखवलं. ती ऐकत राहिली, आणि परत तेच म्हणाली, “पण माझंच का?” या वेळी तो काही बोलला नाही. त्याने वही बंद केली आणि तिच्याबरोबर थोडा वेळ त्या जोत्यावर बसून राहिला. मग विचारलं, त्या वेळी तुम्ही घरात कुठे होतात? ती सांगू लागली.

परतताना आमच्यातला एक जण गाडीत म्हणाला, “शेवटी ज्याचं त्याचं कर्म असतं.” वाईट मुलगा नव्हता तो. दिवसभर आमच्यापेक्षा जास्त लाकडं त्यानेच उचलली होती. कुणी काही बोललं नाही. मला राग आला होता, पण बोलायला तोंड नव्हतं. कारण तो जे त्या बाईबद्दल म्हणत होता, तेच मी दोन दिवसांपूर्वी आईला स्वतःबद्दल म्हणाले होते. देवाने मला वाचवलं, असं मी कारण म्हणून सांगितलं, तर समोरच्या जोत्याबद्दल मी न बोलताही काहीतरी बोललेलीच असते. माझ्यावर कृपा झाली, म्हणजे तिच्यावर झाली नाही.

वारा मोजायची ही पद्धत ज्यांनी सुरू केली, त्यांच्याबद्दल मी नंतर वाचलं. टेत्सुया फुजिता, जपानी शास्त्रज्ञ. पुढे शिकागो विद्यापीठात गेले आणि १९७१ मध्ये त्यांनी टोर्नेडोची श्रेणी मांडली. तिचीच सुधारलेली आवृत्ती अमेरिकेत २००७ पासून वापरात आहे. ऑगस्ट १९४५ मध्ये ते तरुण होते आणि जपानमधल्या कोकुरा शहराजवळच्या एका कॉलेजात शिकवत होते. ९ ऑगस्टला दुसरा अणुबाँब घेऊन निघालेल्या विमानाचं पहिलं लक्ष्य कोकुराच होतं. पण शहरावर ढग आणि धुरकट हवा होती. विमानाने घिरट्या घातल्या, खालचं दिसेना, आणि ते नागासाकीकडे वळलं.

काही आठवड्यांनी फुजिता विद्यार्थ्यांना घेऊन नागासाकीला गेले. जळालेल्या खुणा कुठल्या बाजूला आहेत, झाडं कशी पडली आहेत, यावरून स्फोट किती उंचावर झाला याचा हिशेब त्यांनी मांडला. तिथे मधोमध उभं राहून पाहिलं तर झाडं चहूबाजूंना बाहेर पडलेली, चांदणीसारखी. पुढे १९७४ च्या मोठ्या टोर्नेडोंनंतर विमानातून पाहणी करताना जंगलात तशीच चांदणी त्यांना दिसली, आणि ढगातून जमिनीवर आदळणाऱ्या वाऱ्याचा शोध त्यातून लागला. विमानांचे कितीतरी अपघात त्या ज्ञानाने टळले.

मी पुन्हा पुन्हा कोकुराचा विचार करते. त्या दिवशी संध्याकाळी कोकुरातल्या एखाद्या आईने देवापुढे हात जोडून ‘ढग पाठवलेस, आम्ही वाचलो’ म्हटलं असतं, तर चुकलं असतं का? तिच्या मांडीवर तिचं बाळ होतं. ती कसं म्हणणार नाही? पण तेच ढग नागासाकीतल्या आईने कसे समजून घ्यायचे?

आता परत गोकुळात येऊ.

बाळ सापडतं. राक्षसाच्या अंगावर खेळत असतं. गोपी उचलून यशोदेकडे देतात. तेव्हा गोकुळातली माणसं काय म्हणतात ते मूळ अध्यायात बघा. दुष्ट आपल्या पापाने गेला, असं म्हणतात. आणि म्हणतात, आपण पूर्वी काय तप केलं असेल, काय दान, काय पूजा, म्हणून हे पोर मृत्यूच्या दारातून परत आलं. म्हणजे तेही माझ्यासारखंच बोलतात. घर वाचलं की माणूस आपल्या पुण्याकडे बघतो.

भागवतात हे वाक्य गोकुळवासीयांच्या तोंडी आहे. ते आनंदाच्या भरात बोलताहेत, भोळेपणाने बोलताहेत, आणि त्यात गर्व नाही, आश्चर्य आहे. पण याच भागवतात, याच दशम स्कंधात, याच बाळाची दुसरी आई आहे, आणि तिची सहा बाळं परत आलेली नाहीत. देवकी. एकेक मूल जन्मलं आणि कंसाने मारलं.

पुण्याचं गणित खरं असेल तर देवकीचं पुण्य यशोदेपेक्षा कमी म्हणावं लागेल. भागवत असं म्हणतं का? अजिबात नाही. तिसऱ्या अध्यायात भगवान स्वतः देवकी-वसुदेवांना सांगतात की पूर्वजन्मी तुम्ही केवढं घोर तप केलं होतं, आणि म्हणून मी तुमच्या पोटी आलो. देव पोटी यावा इतकं पुण्य, आणि त्याच पोटची सहा मुलं डोळ्यांदेखत गेली. कुणी म्हणेल, त्या सहा मुलांना आधीचा शाप होता. होता, ८५ व्या अध्यायात तो येतो. पण तो त्या मुलांचा भाग झाला. आईने काही वाईट केलं होतं म्हणून तिला हे भोगावं लागलं, असं भागवत तिथेही म्हणत नाही. उलट त्या अध्यायात देवकी म्हातारपणी कृष्णाकडे ती मुलं मागते. तेवढी वर्षं ती त्यांना विसरलेली नाही. आणि कृष्ण तिला ‘कर्म’ सांगत बसत नाही. सुतलात जातो आणि मुलं घेऊन येतो. ती त्यांना जवळ घेते, पाजते. मग ती निघून जातात.

मला यातून एवढं कळलं की दुःखावरून माणसाचं पुण्य मोजता येत नाही. नुकसान पाहून वारा मोजता येतो, तोही सांभाळून, खिळे आणि बोल्ट तपासून. त्यावरून घरातल्या माणसाची लायकी काढायची सोय कुठल्याच श्रेणीत नाही.

मग कर्माचा सिद्धांत सोडून द्यायचा का? नाही. पण तो कुणाकडे तोंड करून बोलायचा हे बघायला हवं. दुसऱ्याच्या पडलेल्या घराकडे बोट दाखवून कर्म म्हणणं सोपं आहे, कारण मग आपल्याला काहीच करावं लागत नाही. स्वतःकडे वळून म्हटलं की काम सुरू होतं. कर्म म्हणजे करणं. घर बोल्टने बांधायचं की खिळ्यांवर उभं करायचं, हे कुणीतरी ठरवलेलं असतं. अमेरिकेत टोर्नेडोत जाणाऱ्यांमध्ये फिरत्या घरांतली, म्हणजे मोबाइल होममधली माणसं फार असतात. ती पापी असतात म्हणून नाही. ते घर हलकं असतं, त्याला तळघर नसतं, आणि पक्कं घर परवडत नाही म्हणून माणसं त्यात राहतात. हे बदलणं माणसांच्या हातात आहे.

आणि इथेही थांबून एक खरं सांगायला हवं. सर्वांत वरच्या श्रेणीच्या वाऱ्यात बोल्टने नीट बांधलेली घरंही वाहून गेली. म्हणजे ‘नीट केलं असतं तर वाचलं असतं’ हेही प्रत्येकाला म्हणता येत नाही. ते म्हणणं म्हणजे पुन्हा तोच निवाडा, फक्त भाषा इंजिनिअरची.

मग मी आईला जे म्हणाले ते चुकलं का? बरीच वर्षं मी ते वाक्य म्हणणंच सोडलं होतं. कुठून सुखरूप आले तरी ‘देवाची कृपा’ म्हणताना जीभ अडायची. आज मला वाटतं तेही खरं नव्हतं. वाचल्यावर हात आपोआप जोडले जातात. ते अडवून ठेवणं म्हणजे देवापुढेही हिशेब करत बसणं.

फरक मला असा दिसतो. ‘देवा, तू वाचवलंस’ हे देवाला म्हणायचं वाक्य आहे. तिथे ते नमस्कार असतं. तेच वाक्य लोकांना सांगितलं की ते स्पष्टीकरण होतं, आणि स्पष्टीकरण झालं की समोरच्या जोत्यावर उभ्या असलेल्या बाईला त्याचा धक्का बसतो. स्टेटसला टाकताना, ग्रुपवर लिहिताना मी आता एवढंच पाहते : हे मी तिच्यासमोर म्हणू शकेन का? गीतेच्या सहाव्या अध्यायात, ३२ व्या श्लोकात, भगवंतांनी योग्याची खूण सांगितली आहे : दुसऱ्याचं सुख-दुःख जो स्वतःवरून मोजतो. आपल्यावर आलं असतं तर कसं वाटलं असतं, ही त्याची मोजपट्टी. पाहणी करायचीच तर या मोजपट्टीने करावी.

आणि आईचा प्रश्न. साखर ठेवून आल्यावर तिने जे विचारलं, तिथे तिची प्रार्थना पूर्ण झाली असं मला आता वाटतं. कृपा आपल्या दारात येऊन संपली तर ती आपण अडवली असं समजावं.

त्या वादळानंतर एक गोष्ट घडली होती. लोकांच्या घरांतले फोटो, प्रमाणपत्रं, पत्रं वाऱ्याबरोबर उडून दूर दूर जाऊन पडली होती. काही फोटो तर तीनशे किलोमीटरपेक्षा लांब, दुसऱ्या राज्यात, कुणाच्या तरी अंगणात. ज्यांची घरं उभी होती अशा माणसांनी ते उचलले, पुसले, आणि फेसबुकच्या एका पानावर टाकले : हे कुणाचं आहे का? हजारो वस्तूंची छायाचित्रं तिथे आली, आणि कितीतरी फोटो आपल्या माणसांकडे परत गेले. आम्हालाही मलब्यात एका बाळाचा फोटो मिळाला होता, कोपरा फाटलेला. तो आम्ही त्या पानावर टाकला. त्याचं पुढे काय झालं ते मला कळलं नाही. पण ‘मी का वाचले’ याचं जे काही उत्तर मला आजवर सापडलं आहे, ते तो चिखल पुसताना सापडलं. वाचलेल्याचे हात मोकळे असतात.

शेवटी अध्यायाचा शेवट. तो लहानपणी कुणी सांगितला नव्हता. तृणावर्ताच्या गोष्टीनंतर एकदा यशोदा बाळाला पाजत असते. बाळ जांभई देतं आणि तिला त्याच्या मुखात सगळं विश्व दिसतं : आकाश, तारे, सूर्य, चंद्र, अग्नी, समुद्र, डोंगर. आणि त्या यादीत वाराही आहे. ज्या वाऱ्याने तिचं बाळ उचलून नेलं, तो वाराही तिला तिच्या बाळाच्या मुखात दिसतो.

याचा अर्थ काय, हे भागवत तिथे सांगत नाही. यशोदाही विचारत नाही. तिचं अंग थरथरतं, ती डोळे मिटून घेते, आणि अध्याय तिथेच संपतो. बाळ मात्र तिच्या मांडीवरच असतं.

‘माझंच का?’ या प्रश्नापुढे त्या पाहणी करणाऱ्या माणसाने वही मिटली होती. मला ते दोन्ही आता एकत्र आठवतात. उत्तर नसताना उत्तर न देणं, आणि तरी उठून न जाणं.

आजचा संकल्प : आज कुणाचं काही मोडलेलं दिसलं, घर, नोकरी, लग्न, तब्येत काहीही, तर मनात कारण शोधायला लागण्याआधी त्या माणसाला एक फोन करायचा. “तू कसा आहेस?” एवढंच विचारायचं, आणि ऐकायचं.

उद्या आठवा अध्याय. गर्गमुनी गुपचूप बाळाचं नाव ठेवायला येतात. भेटूया.

राम कृष्ण हरी!